बत्तीस तारीख

महाडला मी एकच पावसाळा राहिलो. साठीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मुंबईच्या एका संस्थेत मी कॉम्प्युटरवर काम करत होतो. त्या काळी हा शब्द उच्चारला की समोरचा जरा थांबून विचारायचा, "म्हणजे नक्की काय करता?" माझं घर पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्यालगत डोंगरात. तिथे हा प्रश्नही कुणी विचारत नसे. थोरला भाऊ लोकांना सांगायचा, "मुंबैत कचेरीत हाय," आणि तेवढ्यावर भागायचं.

आमच्या संस्थेतलं यंत्र एका थंड केलेल्या मोठ्या खोलीत होतं. आम्हाला आत जाता येत नसे. प्रोग्राम कागदावर लिहायचा, तो भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवून घ्यायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी रुंद कागदावर छापलेलं उत्तर घेऊन जायचं. चूक झाली तर पुन्हा नवीन गठ्ठा, पुन्हा एक दिवस.

त्या वर्षी आमच्याकडे कोकणातल्या नद्यांच्या पुराचं काम आलं. सावित्री माझ्या वाट्याला आली. मी त्या भागातला म्हणून साहेबांनी ती मला दिली. काम समजायला सोपं होतं. घाटात पडलेला पाऊस आणि पोलादपुरातलं नदीचं पाणी, हे दोन आकडे संध्याकाळी पाच वाजता घ्यायचे. त्यावरून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत महाडला पाणी किती फूट चढेल ते सांगायचं. अडचण एकच, की महाडपर्यंत समुद्राची भरती येते. वरून पूर आणि खालून भरती एकाच वेळी भेटली तर पाणी जायला जागा राहत नाही, ते बाजारपेठेकडे वळतं. म्हणून माझ्या प्रोग्राममध्ये भरतीचाही हिशोब होता. महिन्यातल्या प्रत्येक तारखेची भरती मी यंत्राला दिली होती, आणि यंत्र महिन्याचा एक तक्ता छापून देत असे. तारीख शोधायची, त्याखाली पावसाचा आणि पाण्याचा आकडा शोधायचा, की उद्याचं महाडचं पाणी समोर.

प्रोग्राम झाल्यावर मी तो तपासला. दहा तारीख घालून पाहिली, पंधरा घातली, वीस घातली. हाताने केलेल्या हिशोबाशी उत्तरं जुळली. साहेबांनी पाठ थोपटली. आमच्या विभागात माझ्याहून वयाने मोठ्या एक बाई होत्या, गणितात फार हुशार, सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. माझा कागद पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "बरोबर उत्तर येणारच होतं असे आकडे घातलेस. जरा वाकडे आकडेही घाल." मी हो म्हणालो. यंत्रावर तेव्हा गर्दी होती, पाळी पुन्हा आठवड्याने मिळणार होती, आणि जुलै तोंडावर आला होता. मी तक्ता छापून घेतला, वळकटी बांधली आणि एस.टी.त बसलो. एक पावसाळा तक्त्यातले आकडे आणि नदीतलं पाणी रोज ताडून पाहायचं, असं माझं काम ठरलं होतं.

महाडात नदीजवळ एका बंद गोदामाच्या वरची खोली मला मिळाली. खाली कधीकाळी मीठ ठेवत असावेत. भिंतींना हात लावला तर हात ओला व्हायचा. खानावळीत दोन वेळ जेवायचो. खानावळवाले वाढताना "भात?" विचारायचे, मी मान हलवायचो. कित्येक दिवस त्या एका शब्दाखेरीज माझ्याशी कुणी बोललेलं नसे. बाजारातल्या लोकांच्या दृष्टीने मी मुंबईचा माणूस. घर दोन-तीन तासांवर होतं, पण तिकडे जावंसं वाटत नसे. एका रविवारी गेलो, तर लावणी चालू होती. सगळे चिखलात, आणि मी बांधावर छत्री घेऊन उभा. आईने वाकल्या वाकल्याच विचारलं, "जेवलास का रे?" मी हो म्हणालो. तिने पुढची जुडी हातात घेतली. दुपारच्या गाडीने मी परत आलो.

दिवसातला बोलण्याचा वेळ म्हणजे पट्टीवरचा. नदीकाठी फुटांच्या खुणा केलेला एक उंच खांब रोवला होता. त्याला सगळे पट्टी म्हणत. ती वाचायला एक काका नेमलेले होते. साठीच्या आसपासचे, काटक, डोक्यावर इरलं. नदीच्या पलीकडच्या अंगाला, खालच्या भाताच्या जमिनीत त्यांचं घर आणि गोठा होता. मूलबाळ नव्हतं. ते, काकी आणि एक म्हैस एवढंच घर. ते दर तासाला पाणी पाहून वहीत लिहीत, आणि मी शेजारी दगडावर बसून माझ्या वहीत.

सुरुवातीला ते मला सायब म्हणत. मी पोलादपूरकडचा आहे हे कळल्यावर म्हणाले, "मंग तू आमचाच की रे." त्या दिवशी मी खोलीवर गेलो तो जरा हलका होऊन.

काकांना तक्त्याचं फार कौतुक होतं. रुंद कागदावरचे ते एकसारखे आकडे ते बोटाने चाचपून पाहत. "हे मानसानं नाय लिवलं?"

"नाही. यंत्राने."

"त्याला नदी दाखवलीव काय?"

"नदीचे आकडे दाखवलेत."

ते हसले. पण दिवस जात होते तसा तक्ता खरा ठरत होता. पाच तारखेला तक्ता म्हणाला अकरा फूट, पाणी आलं पावणेअकरा. बारा तारखेला म्हणाला चौदा, आलं चौदा. काका वहीतला आकडा आणि तक्त्यातला आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहत, आणि मान डोलावत. तिसऱ्या आठवड्यात ते आपणहून विचारू लागले, "उद्याचं काय सांगतो तुजा कागद?" मला फार बरं वाटायचं. त्या गावात माझी किंमत असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

जुलैच्या शेवटच्या दिवशी दुपारपासून पावसाने घाट धरला होता. संध्याकाळी टपाल कचेरीतल्या फोनवर पोलादपूरचे आकडे आले. बरेच मोठे होते. मी तक्ता उघडला, एकतीस तारखेच्या रकान्यात बोट खाली खाली नेलं. उद्या दुपारी महाडला सोळा फूट. एकोणीसच्या वर गेलं तर काकांच्या गोठ्यात पाणी शिरतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. म्हणजे तीन फूट हातचे होते.

काका पट्टीजवळ उभे राहून नदी पाहत होते.

"आवस हाय," ते म्हणाले. "उद्या उधानाची भरती. वरनं बी पानी येतंय. म्हस वर देवळाकडं न्यावी म्हंतो."

"काका, तक्त्यात सोळा आहे."

"भरती धरून?"

"भरती धरूनच. त्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप केलाय."

त्यांनी डोक्यावरचं इरलं नीट केलं. मग म्हणाले, "गाबन हाय ती. आज-उद्याची. चढावर निसरडं झालंय, पाय घसरला तर गेली." त्यांनी पुन्हा नदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू खात्रीनं सांगतोस ना रे?"

"खात्रीने," मी म्हणालो.

हा शब्द मी आयुष्यात त्यानंतर फार जपून वापरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाणी पंधरावर होतं. अकराला साडेसोळा. मी तक्ता पुन्हा उघडून पाहिला, जणू रात्रीतून त्यातला आकडा बदलला असेल. साडेअकराला साडेसतरा. पाणी गढूळ, जड, आणि ते वाहत नव्हतं; उभंच्या उभं वर येत होतं. भरती लागली होती.

"तुम्ही घरी जा," मी काकांना म्हणालो.

"पट्टी कोन वाचनार?"

"मी वाचतो. तुम्ही जा आधी."

ते पुलावरून धावत गेले. साठीचा माणूस असा धावताना मी आधी पाहिला नव्हता. मी एकटाच पट्टीजवळ राहिलो, आणि दर पंधरा मिनिटांनी त्यांच्या वहीत माझ्या अक्षरात आकडे लिहीत गेलो. अठरा. पावणेएकोणीस. साडेएकोणीस. वीस. आकडे स्वच्छ लिहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सव्वावीसला पाणी थांबलं आणि हळूहळू उतरू लागलं.

गोठ्यात काय झालं ते मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. काकी घरी एकट्या होत्या. पाणी आत आल्यावर त्यांनी म्हशीचं दावं सोडायला घेतलं, पण दोर भिजून फुगला होता आणि म्हैस घाबरून मागे ओढत होती, त्यामुळे गाठ आणखी आवळली. कोयती आणायला त्या घरात गेल्या. घरातही पाणी होतं, कोयती सापडायला वेळ लागला. काका पोचले तेव्हा त्या कमरेएवढ्या पाण्यात कोयती घेऊन उभ्या होत्या आणि म्हैस पडली होती. उठली नाही.

संध्याकाळी मी गेलो. चार माणसं म्हशीला ओढून बाहेर काढत होती. तिचं पोट केवढं तरी मोठं दिसत होतं. काकींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. काका जवळ आले.

"पट्टी वाचलीस?"

"हो."

"किती गेलं?"

"सव्वावीस."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतरचे दोन दिवस मी खोलीबाहेर पडलो नाही. पहिला दिवस तर दुसऱ्या सगळ्यांना दोष देण्यात गेला. पोलादपूरच्या माणसाने आकडा चुकीचा वाचला असेल. मध्येच कुठे तरी पाऊस जास्त झाला असेल. फोनवर ऐकण्यात गफलत झाली असेल. दुसऱ्या दिवशी आणखी काही सुचेना, तेव्हा मी कागद घेतला आणि एकतीस तारखेचा सगळा हिशोब यंत्राने करायचा तसा, पायरी पायरीने, हाताने केला.

उत्तर आलं वीस फूट.

मी पुन्हा केला. वीस फूट. म्हणजे नदी चुकली नव्हती, पोलादपूरचा माणूस चुकला नव्हता, माझं गणितही चुकलं नव्हतं. तेच गणित, तेच आकडे, आणि यंत्राने मात्र सोळा छापले होते. मी तीस तारीख हाताने करून पाहिली; तक्त्याशी जुळली. एकोणतीस जुळली. महिनाभरातल्या सगळ्या तारखा एकेक करून पाहिल्या. सगळ्या बरोबर, फक्त शेवटची चूक. आणि त्या चुकीत गेलेले चार फूट म्हणजे बरोबर एक ऑगस्टच्या भरतीचे चार फूट होते.

तेव्हा कळलं. माझा हिशोब उद्याचा होता, म्हणून यंत्र भरतीही उद्याची घेत होतं. दहा तारखेला अकराची, वीसला एकवीसची. आजच्या तारखेत एक मिळवायचा, असं मीच लिहिलं होतं. एकतीस तारखेला यंत्राने एक मिळवला आणि ते बत्तीस तारखेची भरती शोधायला गेलं. तिथे काहीच नव्हतं, म्हणजे शून्य. माणूस असता तर म्हणाला असता, अहो, बत्तीस तारीख नसते. यंत्राने शून्य हाही एक आकडाच धरला, मिळवला, आणि उत्तर तितक्याच देखण्या अक्षरात छापलं.

हे शोधून काढल्यावर क्षणभर मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. मग आठवलं की प्रोग्राम तपासताना मी एकतीस तारीख घातली असती तर हे मुंबईतच, टेबलाशी बसून कळलं असतं. एक कार्ड. एक दिवस. मी दहा, पंधरा, वीस घातले, कारण त्या तारखांची भरती मला पाठ होती आणि हिशोब लवकर होत होता. खरं सांगायचं तर प्रोग्राम बरोबर आहे हे मला पाहायचं होतं. चुकलाय का, हे पाहायची मला इच्छाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी पट्टीवर जाऊन मी काकांना सांगितलं. बत्तीस तारखेचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे कागद चुकला, नदी नाय."

"कागद नाही, काका. मी चुकलो. मी ते तपासलंच नाही."

त्यांनी वाकून पट्टी पाहिली, आकडा वहीत लिहिला. "मंग आता नीट कर," म्हणाले.

मी मुंबईला गेलो. साहेबांना सांगितलं, ते म्हणाले, असं होतं कधी कधी, दुरुस्त करून टाक. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मी म्हशीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तपासणीचा कागद आण."

मी आणला.

"या तारखा कुणी निवडल्या?"

"मी."

"प्रोग्राम कुणी लिहिला?"

"मीच."

"मग त्या तारखा तुझ्या बाजूच्याच असणार. आपण कुठे चुकलो ते आपल्याला दिसत असतं तर चुकलो कशाला असतो?" त्यांनी एक कोरी वही पुढे सरकवली. "आता प्रोग्रामला हात लावायच्या आधी ही यादी लिही. पहिली तारीख, शेवटची तारीख, तीस दिवसांचा महिना, एकतीसचा, फेब्रुवारी, डिसेंबरचा शेवट. पाऊस शून्य. पाऊस मावणार नाही एवढा. आकडाच आला नाही तर? प्रत्येकाचं उत्तर आधी हाताने काढ आणि शाईने लिही. यंत्राचं उत्तर आल्यावर तुझं उत्तर खोडून त्याच्यासारखं करायचा मोह होतो. शाई खोडता येत नाही."

मी आठवडाभर बसून उत्तरं लिहिली. मग प्रोग्राम दुरुस्त केला आणि नुसती एकतीस तारीख घालायला निघालो. बाईंनी गठ्ठा हातातून काढून घेतला. "सगळ्या घाल. जुन्यासुद्धा."

"जुन्या तर बरोबर आल्या होत्या."

"तेव्हा. आता तू आत हात घातलास ना?"

दुसऱ्या दिवशी कागद आला. एकतीस जुलै बरोबर. तीस जून बरोबर. आणि पंधरा तारीख, जी महिन्याभरापूर्वी बरोबर होती, ती चुकली होती. दुरुस्ती करताना मी एका ठिकाणी बेरजेची ओळच उडवली होती. ही चूक घेऊन मी महाडला गेलो असतो.

बाई म्हणाल्या, "ही वही फेकायची नाही. एक अक्षर बदललंस तरी सगळी वही पुन्हा चालवायची. आणि नवी चूक सापडली की तीही हिच्यात टाकायची, म्हणजे ती परत आली तर दारातच सापडेल." मग म्हणाल्या, "हे मला जेवढं सुचलं तेवढं. मी ती नदी पाहिलेली नाही. जो रोज पाहतो त्याला विचार."

ऑगस्टच्या मध्यावर मी वही घेऊन महाडला परतलो. काकांकडे जाण्याचा धीर व्हायला दोन दिवस लागले. शेवटी घरीच गेलो. गोठा रिकामा, जमीन सारवलेली. काकींनी काही न बोलता चहा आणून ठेवला. काळा. दूध नव्हतं. मी तो सगळा प्यायलो.

"काका," मी म्हणालो, "हा कागद कुठे कुठे फसेल ते मला सांगा. तुम्हाला नदी ठाऊक आहे."

"मला काय कळतंय त्या मशीनमधलं?"

"मशीनमधलं नको. नदी काय काय करते तेवढं सांगा."

त्यांनी विडी पेटवली. मला वाटलं आता उठा म्हणतील.

"पट्टीच बुडाली तर?" ते म्हणाले. "एकदा बुडालीती. मी काय लिवनार? कोरं ठेवलं."

मी लिहून घेतलं. कोरी जागा. पोलादपूरची पट्टीही अशीच बुडू शकते, आणि माझ्या प्रोग्रामला कोरी जागा म्हणजे शून्य फूट पाणी, कोरडी नदी. पुराच्या ऐन भरात त्याने नदी आटली असं सांगितलं असतं.

"पोलादपुराचा फोन लागला नाय तर?"

लिहिलं.

"पावसाचा डबा रातीतनं भरून सांडला तर? डब्यात मावंल तेवडाच पाऊस दिसनार."

लिहिलं.

"झाड वाहून आलं, पुलाला आडलं, वरच्या अंगाला पानी तुंबलं तर?"

"हे नाही जमणार, काका. हे यंत्राला कळायला काही मार्ग नाही."

"मंग तसं लिव की कागदावर. मला कळत नाय म्हनून लिव. तुजा कागद कधीच म्हनत नाय मला कळत नाय."

मी वर पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. आतून काकींचा आवाज आला, त्या घरातला मी ऐकलेला त्यांचा पहिला शब्द. "आनि त्याला इचारा, आवस नायतर पुनव एका म्हयन्यात दोनदा आली तर काय करतो."

मला ते सुचलं नव्हतं. तेही लिहिलं.

त्या संध्याकाळी सत्तावीस ओळी झाल्या. पुढच्या महिन्यात मी दोनदा मुंबईला जाऊन आलो. सत्तावीसपैकी अकरा ठिकाणी प्रोग्राम चुकला. काही चुका दुरुस्त झाल्या, आणि ज्या होण्यासारख्या नव्हत्या तिथे तक्त्यात आकड्याऐवजी छापून यायला लागलं: सांगता येत नाही, नदी पाहा. साहेबांना ते आवडलं नाही. म्हणाले, एवढं मोठं यंत्र आणि सांगता येत नाही? पण बाई त्यांच्याशी भांडल्या आणि ती ओळ राहिली.

सप्टेंबर संपता संपता माझं महाडचं काम संपलं. निघायच्या आदल्या दिवशी पट्टीवर गेलो. पाणी पार उतरलं होतं, खांबाच्या तळाशी चिखल उघडा पडला होता. काकांनी आकडा लिहिला, वही मिटली. आम्ही थोडा वेळ बसलो. म्हैस त्यांनी घेतली नव्हती, आता या वयात नको म्हणाले. मी माफी मागावी असं मनात होतं. ती मी आधी कधी नीट मागितली नव्हती, नुसतं चुकलो म्हणालो होतो. पण ते उठले, इरलं काखेत मारलं, आणि "सांभाळून जा रे," म्हणून पुलाकडे चालू लागले.

पुढच्या पावसाळ्यात मी गेलो नाही. मला दुसरं काम दिलं होतं. तक्ते मात्र माझ्याच प्रोग्रामवर छापून टपालाने महाडला जात होते, आणि दर महिन्याला छापण्याआधी मी सगळी वही चालवत असे. विभागातले लोक हसायचे. एकट्याने बसून, आधीच माहीत असलेली उत्तरं पुन्हा पुन्हा ताडून पाहणारा माणूस चमत्कारिकच दिसत असणार. बाईंनी त्या वर्षी नोकरी सोडली होती. त्यांच्या घरी कुणी तरी आजारी होतं. जेवणाच्या सुट्टीत मी ज्या टेबलाशी त्यांच्याबरोबर बसायचो तिथे आता मी एकटाच डबा उघडत असे.

ऑगस्टमध्ये एक पोस्टकार्ड आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी, बहुतेक टपाल कचेरीतल्या लेखनिकाचं होतं, पण बोलणं काकांचं.

"म्हयनाअखेरीला पानी आलं. कागदात लिवलंवतं तेवडंच आलं, दोन बोटं कमी. आदल्या दिवशी खालच्या आळीतली समदी गुरं वर नेली. कोनाचं काय गेलं नाय. काकी बरी हाय."

मी ते दोनदा वाचलं. खोलीभर लोक कामात होते, कार्डं चाळल्याचा खडखड आवाज चालू होता. कुणाला तरी दाखवावं असं फार वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान वर करून विचारलं, "काय, घरचं पत्र?"

"हो," मी म्हणालो, आणि कार्ड खिशात ठेवून सप्टेंबरच्या तक्त्यासाठी वही उघडली.